घरकुलाचे अनुदान : आधी जागेचा कागद, मग अर्ज

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतील आमच्या कितीतरी व्यापारी व कारागीर बांधवांची दिवसभराची कमाई दोन भाड्यांत वाटली जाते. एक भाडे दुकानाचे, दुसरे घराचे. गॅरेजवाला, शिंपी, गादी भरणारा, फळगाडीवाला, वेल्डर, गवंडी, बांगडीवाला, सर्वांची थोड्याफार फरकाने हीच गत आहे. महिना 3,500 रुपये घरभाडे धरले तरी वर्षाला 42,000 आणि दहा वर्षांत 4,20,000 रुपये होतात. एवढे देऊनही हातात एक वीट राहत नाही.

दुसऱ्या बाजूला शासनाच्या घरकुल योजना आहेत. त्यांची नावे सर्वांच्या कानावर आहेत. पण प्रत्यक्ष लाभ किती जणांना मिळाला असे मोहल्ल्यात विचारले तर बहुतेक जण "फॉर्म भरला होता, पुढे काही झाले नाही" असे सांगतात. पुढे का काही झाले नाही, याची चौकशी मात्र फार थोडे करतात. आमचा अनुभव असा आहे की अर्ज अडण्याचे कारण बहुधा अर्जात नसते, जागेच्या कागदात असते. म्हणून या लेखात योजना कोणत्या, त्यांत पैसा किती आणि तो कोणत्या कागदावर मिळतो, हे आम्ही क्रमाने सांगणार आहोत.

शहरात राहणाऱ्यांसाठी

ज्यांचे घर नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत आहे, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) आहे. तिचा पहिला टप्पा 25 जून 2015 रोजी सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली आणि 1 सप्टेंबर 2024 पासून तो अंमलात आला. पाच वर्षांत 1 कोटी शहरी कुटुंबांना मदत करायची, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी व सिंदी (रेल्वे) या नगर परिषदा आणि सेलू, समुद्रपूर, आष्टी व कारंजा या नगर पंचायती या भागात मोडतात.

उत्पन्नाचे तीन गट केले आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, 3 ते 6 लाख असेल तर अल्प उत्पन्न गट आणि 6 ते 9 लाख असेल तर मध्यम उत्पन्न गट. देशात कोठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे आणि गेल्या 20 वर्षांत कोणत्याही शासकीय घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा, या दोन अटी सर्वांना सारख्याच लागू आहेत.

योजनेचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा. दुर्बल गटातील ज्या कुटुंबाची स्वतःची जागा आहे त्याला केंद्राकडून 1.50 लाख आणि राज्याकडून 1 लाख, असे 2.50 लाख रुपये मिळतात. घराचे चटई क्षेत्र 30 ते 45 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 ते 484 चौरस फूट असावे लागते. हे अनुदान आहे, कर्ज नव्हे. ते परत करायचे नाही आणि त्यावर व्याजही नाही. आपल्यातील ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनी हा मार्ग प्रथम पाहावा.

दुसरा मार्ग तयार घर घेण्याचा. नगर परिषद, म्हाडा किंवा खाजगी बांधकाम संस्था मंजूर प्रकल्पात घरे बांधते आणि दुर्बल गटातील खरेदीदाराला शासनाचा वाटा किमतीत मिळतो. आपला जिल्हा म्हाडाच्या नागपूर मंडळाखाली येतो. म्हाडाच्या सोडतीतील उत्पन्नाच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक जाहिरात स्वतंत्रपणे वाचावी.

तिसरा मार्ग भाड्याच्या घरांचा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

चौथा मार्ग गृहकर्जावरील व्याज अनुदानाचा. 1 सप्टेंबर 2024 नंतर मंजूर होऊन उचललेल्या कर्जाला तो लागू आहे. घराची किंमत 35 लाखांपर्यंत व कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर पहिल्या 8 लाखांवर, 12 वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, 4 टक्के दराने अनुदान धरले जाते. ते जास्तीत जास्त 1.80 लाख असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. म्हणजे वर्षाला 36,000, महिन्याच्या हिशेबाने 3,000 रुपये. येथे एक सावधगिरी हवी. पहिल्या टप्प्यातील व्याज अनुदान 2.67 लाखांपर्यंत होते. दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ते 31 मार्च 2022 रोजी बंद झाले. आजही कोणी 2.67 लाखांचे आमिष दाखवून घर विकत असेल तर त्याचा हिशेब जुना आहे, असे समजावे.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांना शहरी योजना लागू नाही. 1985 साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना अनेकांना आठवत असेल. तिचीच पुनर्रचना होऊन 1 एप्रिल 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली. सपाट भागात 1.20 लाख रुपये, शौचालयासाठी वेगळे 12,000 आणि रोजगार हमीतून 90 दिवसांच्या मजुरीची जोड, अशी तिची रचना करण्यात आली. घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचे असावे लागते. 2024 मध्ये केंद्राने आणखी 2 कोटी घरांसाठी योजना 2029 पर्यंत वाढवली. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने आपल्याकडून 50,000 रुपयांची वाढ जाहीर केली.

येथे निवड यादीतून होते. पहिल्या याद्या 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून आल्या, नंतर 2018 चे आवास प्लस सर्वेक्षण झाले आणि पुढच्या टप्प्यासाठी 2025 मध्ये नवे सर्वेक्षण झाले. दुचाकी किंवा फ्रीज असल्यामुळे पूर्वी ज्यांची नावे गळली त्यांनी नव्या निकषांची माहिती जरूर घ्यावी. 2024 मध्ये या दोन अटी काढल्या गेल्या आणि घरातील कोणाचे मासिक उत्पन्न 10,000 पेक्षा जास्त नसावे, ही मर्यादा 15,000 करण्यात आली. योजनेच्या राष्ट्रीय उद्दिष्टात 15 टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखण्याची तरतूद आहे. परंतु गावाच्या यादीत नाव चढते ते सर्वेक्षणात आणि पक्के होते ते ग्रामसभेत. ग्रामसभेच्या दिवशी आपण आठवडी बाजारात असलो तर आपले नाव वाचले गेले की गळले, हे आपल्याला कसे कळणार? कुटुंबातील एक जण तरी ग्रामसभेला हजर हवाच.

पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार अशा ज्या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. राज्य शासनाने 2023 मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास घरकुल योजना आणली. तीन वर्षांत 10 लाख घरांचे तिचे उद्दिष्ट ठरले होते. या योजनेला जातीचा दाखला लागतो. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे उद्दिष्ट गावाला आले आहे का, हे पंचायत समितीत विचारावे. आपल्यातील अनेक जण दाखला काढण्याचा विचार मुलाच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी करतात, आणि मग वडिलोपार्जित नोंदी शोधता शोधता तारीख निघून जाते. हे काम आजच हाती घ्यावे.

गावात ज्यांचे नाव यादीत आहे पण जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना 2015 पासून आहे. पूर्वी 50,000 रुपयांपर्यंत मिळत, 2024 मध्ये ही मर्यादा 1 लाख करण्यात आली.

कारागिराला प्राधान्य आहे, हे माहीत आहे का?

शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात काही गटांकडे विशेष लक्ष द्यावे, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अपंग, ज्येष्ठ नागरिक, अल्पसंख्याक, झोपडपट्टीतील रहिवासी यांच्याबरोबर त्यात स्वनिधी योजनेत नोंदलेले फेरीवाले, विश्वकर्मा योजनेतील कारागीर आणि बांधकाम मजूर यांचाही उल्लेख आहे.

स्वनिधी योजना 1 जून 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, हातगाडी व फेरीवाल्यांसाठी सुरू झाली. विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 रोजी आपल्या वर्ध्यातच झाला. तिच्यात 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूप दुरुस्त करणारा, गवंडी, न्हावी, शिंपी, धोबी, चटई-टोपल्या-झाडू बनवणारा, हार गुंफणारा हे त्यांपैकी काही होत. आपण हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, पण कोणत्याही कागदावर कारागीर म्हणून आपली नोंद नाही, ही मोठी उणीव आहे. अशा नोंदीने घर हमखास मिळते असे आम्ही म्हणत नाही. पण दोन सारख्या अर्जांत तिचा उपयोग होऊ शकतो.

गवंडी, रंगारी, फरशी बसवणारे, सेंट्रिंगवाले यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातही नोंदणी करावी. वय 18 ते 60 असावे आणि मागील वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नोंदणीकृत कामगारांसाठी अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे. मात्र एका कुटुंबाला एकाच योजनेतून घरकुल मिळते, हे लक्षात ठेवून निवड करावी.

खरी अडचण : जागा कोणाच्या नावावर?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 2.50 लाख रुपये ज्या मार्गाने मिळतात, तो मार्ग "स्वतःच्या जागेवर" या दोन शब्दांवर उभा आहे. तीस-चाळीस वर्षे एका ठिकाणी राहिलो, कर भरला, वीज मीटर नावावर आहे, एवढ्याने जागा आपली होत नाही. नगर परिषदेची कर पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या जिल्ह्यात आम्हाला साधारण चार प्रकारची प्रकरणे दिसतात.

पहिला प्रकार वाटणी न झालेल्या घराचा. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचे नाव असते. भावाभावांत तोंडी वाटणी होऊन पडद्या घातल्या जातात आणि चुली वेगळ्या होतात. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र ते घर एकच, आणि मालक मयत. अशा वेळी आधी सर्व वारसांची नोंद करावी. त्यानंतर वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. आपल्याकडे हिबा तोंडी करण्याची रीत आहे आणि आपल्या वैयक्तिक कायद्यात ती मान्यही आहे. पण घरकुलाची फाईल पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला कागद लागतो. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. वारस नोंदीत बहिणींची नावे गाळू नयेत. तो त्यांचा हक्क आहे, आणि गाळलेले नाव उद्या हरकत घेऊन उभे राहिले की अर्धे बांधलेले घर अडते.

विवाहित मुलगा वडिलांच्या घरात राहत असेल तर त्याला अर्ज करता येतो का, असे नेहमी विचारले जाते. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले-मुली. म्हणून विवाहित मुलाचे कुटुंब वेगळे धरले जाते. त्याच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर पक्के घर नसले पाहिजे, इतकेच.

दुसरा प्रकार नझूलचा. नझूल जागा ही सरकारी जागा असून ती पट्ट्याने दिलेली असते. विदर्भातील जुन्या शहरांत अशा जागा पुष्कळ आहेत. पट्ट्याची मुदत संपून नूतनीकरण झाले नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि घरकुलाचे प्रकरणही अडते. नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनींसाठी राज्याने 2024 मध्ये विशेष अभय योजना आणली. त्यात सवलतीच्या दराने रक्कम भरून जागा मालकी हक्काची करून घेण्याची सोय ठेवली गेली. अशा योजनांना मुदत असते. सध्याची मुदत तहसील कार्यालयात विचारून घ्यावी.

तिसरा प्रकार अतिक्रमणाचा. शासकीय जागेवर 1 जानेवारी 2011 पूर्वीपासून राहत असलेल्यांची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने 2018 मध्ये "सर्वांसाठी घरे" या धोरणाखाली घेतला. जुनी मतदार यादी, वीज बिल, कर पावती, रेशन कार्ड हे सर्व त्या तारखेआधीच्या वास्तव्याचे पुरावे आहेत. ते फाटले, भिजले म्हणून फेकू नयेत. रस्ता, नाला, वनजमीन अशा जागांवरील घरे मात्र यातून सहज सुटत नाहीत.

चौथा प्रकार सर्वांत दुःखदायक आहे. शहराबाहेरच्या शेतात कोणी तुकडे पाडतो आणि स्टॅम्प पेपरवर लिहून देऊन "प्लॉट" विकतो. दागिने मोडून, गाडी विकून गरीब माणूस तो घेतो. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीच्या खरेदीची नोंदणी आवश्यक आहे. नुसत्या नोटरी केलेल्या कागदाने मालकी येत नाही. जागा अकृषक नसेल, ले-आऊट मंजूर नसेल, तर नगर परिषद नकाशा मंजूर करीत नाही आणि नकाशा नसेल तर अनुदानही नाही. बयाणा देण्यापूर्वी सात-बारा, अकृषक आदेश व मंजूर ले-आऊटचा नकाशा पाहावा. विकणारा "नंतर करून देतो" म्हणाला तर पैसेही नंतरच द्यावेत.

गावठाणातील घरांसाठी एक चांगली गोष्ट घडली आहे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ती काढून घ्यावी आणि नाव व क्षेत्र बरोबर आहे का, हे तपासावे.

नावातील फरक

ही बाब लहान वाटते, पण तिच्यामुळे कितीतरी प्रकरणे परत येतात. आपल्या भागात नावाआधी शेख, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख आणि वडिलांचे नाव, असे लिहिण्याची पद्धत आहे. आधार कार्डावर हाच क्रम उलटतो, बँकेत एक शेख गळतो, रेशन कार्डावर स्पेलिंग वेगळे असते. स्त्रियांच्या नावापुढे कोठे बी, कोठे बेगम, तर कोठे काहीच नसते. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. म्हणून अर्जापूर्वी आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि जागेचा कागद हे चारही समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवावे. शहरी योजनेत घर कुटुंबातील कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, अशी अपेक्षा आहे. तेव्हा पत्नीचे कागद आधी दुरुस्त करावेत. शिवाय घर स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

पैसा हाती केव्हा पडतो?

व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा लवकर कळते, म्हणून हिशेबच मांडू. समजा हिंगणघाटच्या एका शिंप्याने 323 चौरस फुटांचे घर बांधायला काढले आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला 1,600 रुपये धरला. खर्च 5,16,800 रुपये झाला. अनुदान 2,50,000. उरलेले 2,66,800 रुपये त्याने स्वतः उभे करायचे आहेत. अनुदानही एकरकमी मिळत नाही. पाया, छत अशा टप्प्यांची पाहणी होते, फोटो निघतात आणि मग हप्ता पडतो. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधी आपले भांडवल घालावे लागते.

ज्याच्याकडे पाया व भिंतींपुरते पैसे तयार नाहीत त्याने जुने घर पाडू नये. जुने घर पाडून, भाड्याने खोली घेऊन, हप्त्याची वाट पाहत बसलेले कुटुंब दोन्हीकडून मार खाते. सिमेंट-लोखंड उधारीवर घेताना रक्कम व मुदत लिहून घ्यावी. आमच्या हार्डवेअर व फॅब्रिकेशनवाल्या बांधवांनीही घरकुलाच्या गिऱ्हाइकाला उधारी देताना त्याचा पुढचा हप्ता कोणत्या टप्प्यावर येणार, हे विचारून घ्यावे. त्यातून दोघांचेही संबंध टिकतील. वाळूच्या बाबतीत राज्याच्या 2025 च्या धोरणात घरकुल लाभार्थ्यांना 5 ब्रासपर्यंत विनामूल्य वाळूची तरतूद आहे. तिची मागणी तहसील कार्यालयात लेखी करावी.

घर लहान पण हवेशीर कसे बांधावे, हे पाहायला दूर जायला नको. सेवाग्रामची माती, बांबू व कौलांची घरे 1936 पासून उभी आहेत, आणि दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 पासून स्थानिक साहित्यातून स्वस्त बांधकामाचे प्रयोग करीत आले आहे. योजनेत पक्के घर लागते, हे खरे. पण खोल्यांची मांडणी, खिडक्या, ओसरी यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणखी एक, अनुदान राहत्या घरासाठी आहे, दुकानाच्या गाळ्यासाठी नाही. मंजूर नकाशाप्रमाणेच बांधावे.

कर्ज घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आयकर विवरण नाही म्हणून बँक परत पाठवते, ही छोट्या दुकानदाराची नेहमीची तक्रार आहे. दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांना हमी देण्यासाठी केंद्राचा एक निधी आहे. 2024 मध्ये तो 1,000 कोटींवरून 3,000 कोटींवर नेण्याचे ठरले. तरीही बँकेला आपली उलाढाल कागदावर दिसावी लागते. उद्यम नोंदणी, दुकानाची नोंदणी आणि रोजची विक्री बँक खात्यातून फिरवण्याची सवय वर्षभर आधी लावली तर कर्ज मागताना उपयोगी पडते.

भाड्याने राहणाऱ्यांनी काय करावे?

अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने गरीब भाडेकरूने उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणात भाडे द्यावे व उरलेले सरकारने घरमालकाला द्यावे, अशी सोय केली. आपल्याकडे भाड्याची रक्कम अशी हातावर ठेवणारी योजना नाही. 2020 मध्ये टाळेबंदीनंतर परप्रांतीय मजुरांसाठी परवडणारी भाड्याची घरे ही योजना आली आणि आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तो स्वतंत्र मार्ग झाला. रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांचा वापर किंवा नवी भाड्याची घरे, असे त्याचे दोन प्रकार आहेत. पण तशी घरे नगर परिषदेने किंवा एखाद्या संस्थेने प्रस्ताव केल्याशिवाय होत नाहीत. आपल्या नगरसेवकांकडे ही मागणी करायला हवी.

तोपर्यंत भाडेकरूचे संरक्षण कायद्यात आहे. विदर्भात पूर्वी 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश चालत असे. 31 मार्च 2000 पासून राज्यभरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्याखाली भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी असून नोंदवलेला असावा व ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या करारात हे संरक्षण नसते. मुदत संपली की जागा सोडावी लागते. कोणत्या कागदावर सही करतो आहोत, हे वाचून घ्यावे.

भाडेकरूला आवास योजनेचे दार बंद नाही. उलट पक्के घर नसणे हीच तर पहिली अट आहे. फक्त जागा नसल्याने त्याला तयार घराचा किंवा कर्जाचा मार्ग धरावा लागतो. भाड्याच्या पावत्या, रेशन कार्ड व मतदार यादीतील नाव नीट ठेवावे.

अर्ज कोठे व कसा?

शहरी अर्ज ऑनलाइन, सेवा केंद्रातून किंवा नगर परिषदेच्या आवास कक्षातून भरता येतो. ग्रामीण भागासाठी ग्रामसेवक आणि पंचायत समितीकडे जावे. घरातील सर्वांचे आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा पुरावा, जातीचा दाखला असल्यास तो, आणि जागेवर बांधायचे असेल तर जागेचा कागद, एवढे बरोबर ठेवावे. "साहेबांना द्यावे लागतात" असे म्हणून कोणी हप्त्यातून वाटा मागितला तर देऊ नये. अर्जाची पोच व नंबर घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. दोन-तीन महिन्यांत उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये भरून "माझा अर्ज कोणत्या कारणास्तव प्रलंबित आहे" असे एका ओळीत विचारावे. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि बहुधा त्या उत्तरातच कोणता कागद कमी आहे, ते कळते.

एकेकट्याला हे अवघड वाटते, पण मोहल्ल्यातील चार शिकलेल्या तरुणांनी जुम्म्यानंतर दोन तास बसायचे ठरवले तर महिनाभरात पन्नास कुटुंबांची कागदपत्रे तपासून होतील. कोणाची वारस नोंद बाकी, कोणाचा पट्टा संपलेला, कोणाच्या नावात फरक, याची यादी करून आधी ती कामे उरकावीत. योजना बदलत राहतील, त्यांची नावेही बदलतील. इंदिरा आवास गेली, प्रधानमंत्री आवास आली, उद्या आणखी काही येईल. प्रत्येक योजनेत पहिला प्रश्न मात्र एकच असणार आहे, जागा कोणाची? त्याचे उत्तर ज्याच्या पेटीत तयार असेल, त्याचा अर्ज त्या कारणाने तरी परत येणार नाही.